उजवी बाही

फौजदार हे नाव शिंपीकाकांनी ठेवलं होतं, कारण चार महिन्यांचं ते मांजराचं पिल्लू दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयाने बघायचं. एका सकाळी कबुतराचा पाठलाग करताना हे महाशय तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून थेट खाली आले आणि पुढच्या उजव्या पायाचं, खांद्याखालचं हाड मोडून बसले.

प्राण्यांच्या दवाखान्यात दोन डॉक्टर होते. मोठे सर तीस वर्षांचे अनुभवी आणि नाकावर माशी बसू न देणारे. एक्स-रे बघून त्यांनी निकाल देऊन टाकला, "पाय काढ. मांजर तीन पायांवर मजेत जगतं."

तसं ते खरंच होतं. पण धाकट्या डॉक्टरीणबाईंना पटेना.

"सर, हाड कोवळं आहे, बघता बघता जुळेल. मी बसवते ना."

"हाड जुळेल गं. त्याला चिकटून नस जाते, तिचं काय? ती गेली असेल तर पाय नुसता लोंबत राहणार, फरपटून जखमा होणार. सहा आठवडे देतो. तोवर पाय पुढे टाकलेला मला दिसला नाही, तर काढायचा."

बाईंनी ऑपरेशन केलं. विणायच्या सुईहून बारीक स्टीलची सळई हाडाच्या पोकळीत सरकवली, वरून बोटाच्या दोन पेरांएवढी पट्टी स्क्रूंनी आवळली. ती नसही त्यांना दिसली. चेपलेली होती, पण तुटलेली नव्हती. तेवढ्या आशेवर त्यांनी टाके घातले.

काकांनी फौजदाराला पिंजऱ्यात ठेवून डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. शिवाय दर रविवारी टेपने दोन्ही पायांचा घेर मोजून मापांच्या वहीत लिहिला. डावी बाही, उजवी बाही. ऑपरेशननंतर उजवी पाव इंचाने बारीक झाली होती. ती आता हळूहळू भरत होती, असं वही म्हणत होती.

सहाव्या आठवड्यात काका वही आणि फौजदार, दोन्ही घेऊन आले. एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसलं. आता फक्त चार पावलं चालून दाखवायचं होतं.

आणि फौजदार चालेना. दवाखान्याच्या टेबलावर चारही पाय पोटाखाली घेऊन तो दगडासारखा बसला. दोरी हलवून झाली, डबा वाजवून झाला, काकांनी टेप नाचवून पाहिला. महाशय ढिम्म. सहा आठवडे ज्या पायासाठी बाईंचा जीव टांगणीला लागला होता, तो आज नुसत्या रुसव्यापायी जायची वेळ आली होती.

"घरी टाकतो हो पाय," काका काकुळतीने म्हणाले. "माप पण भरलंय. ही वही बघा."

"काका, वही ठेवा बाजूला. मालकांना नेहमीच सगळं बरं दिसतं," सर म्हणाले. "नस गेलेला पाय मांजरं अशीच लपवतात. बघू."

ते वाकले. गळ्यातल्या दोरीला लटकणारा त्यांचा चष्मा फौजदाराच्या मिशांसमोर झुलू लागला. पोटाखालून एक पंजा निघाला, कोपरापासून सरळ झाला, बोटं फाकली, आणि चष्मा चुकवून सरांच्या नाकावर सणसणीत बसला.

नाकावर तीन लाल रेघा उमटल्या. बाई कापूस शोधायचं सोडून फौजदाराकडेच बघत राहिल्या.

"कुठला होता गं?" सरांनी नाक धरूनच विचारलं.

"उजवा, सर."

"नक्की?"

"नखांसकट."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी हसूही आवरेना. नस गेली असती तर कोपर असं सरळ झालं नसतं, हे सरांनीच त्यांना कधीकाळी शिकवलं होतं. त्यांनी सरांच्या नाकाला औषध लावलं. सरांनी चुळबूळ न करता ते लावून घेतलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची ओढून बसले.

"काका," ते म्हणाले, "ती वही द्या बघू इकडे."