एम म्हणजे काय

अलकाने छप्पन्नाव्या वर्षी लग्न केलं, ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जनार्दनरावांशी. ते पोस्टातून निवृत्त झालेले विधुर, ती बनी पार्कातल्या एका शाळेत गणिताची बाई. दोघंही मूळची साताऱ्याकडची, म्हणून त्या हिंदी मुलखात ओळख झाली आणि चहाच्या निमित्तानं वाढत गेली. लग्न तर झालं, पण 'मी यांची बायको' असं कुणाला सांगायची वेळ आली की अलकाची जीभ टाळ्याला चिकटायची.

तिच्या गुडघ्यासाठी दोघं सरकारी दवाखान्यात गेली. जनार्दनरावांच्या आरोग्य विम्यात नाव घालून मिळालेलं तिचं कार्ड नवंकोरं होतं. त्यावरच्या नंबराच्या शेवटी इंग्रजी 'एम' होता, आणि तो 'मॅरिड'चा असणार असं धरून ती आठवडाभर मनातल्या मनात मिरवत होती.

नोंदणीच्या खिडकीतल्या पवन नावाच्या कारकुनाने नंबर टाकला आणि तो बुचकळ्यात पडला. कॉम्प्युटर पुढे सरकेना. त्या यंत्राचं म्हणणं, मुलापेक्षा आई सहा वर्षांनी लहान कशी? मग पवनने समजावून सांगितलं. नंबर सगळ्या घराचा एकच, शेवटचं अक्षर तेवढं नातं सांगतं. पत्नीला डब्ल्यू, आणि एम म्हणजे मदर.

अलकाने वळून जनार्दनरावांच्या पांढऱ्याशुभ्र मिशांकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी आवरेना.

"बाळ, मफलर नीट गुंडाळ," ती म्हणाली.

मराठी कळत नसूनही अख्खी रांग हसली. जनार्दनराव कानापर्यंत लाल झाले. पवनने दुरुस्तीसाठी पेन उचललं आणि नातं काय लिहू, असं विचारलं. रांगेतली माणसं ऐकायला पुढे झुकली.

"पत्नी," अलका पुटपुटली. त्याला ऐकू गेलं नाही.

"पत्नी. मी यांची पत्नी आहे."

हे इतकं खणखणीत निघालं की पाण्याच्या टाकीजवळची माणसंही वळून बघायला लागली. अलकाला अंगातून काहीतरी भुर्रकन उडून गेल्यासारखं वाटलं. मागच्या बाईंनी विचारलंही नव्हतं, तरी तिने त्यांनाही सांगितलं. त्या बाईंनी हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जनार्दनरावांनी मग सगळ्यांदेखत तिचा हात धरला आणि तपासणीच्या खोलीपर्यंत सोडलाच नाही.

डॉक्टरांनी गुडघा वाकवून दुखतंय का विचारलं. 'दुखतंय' असं सांगताना अलका पुन्हा खिदळली, आणि तिचं बघून जनार्दनरावही. शेवटी डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत बोलावला आणि या दोघांना, हसू थांबलं की या, म्हणून बाहेरच्या बाकावर बसवलं.