न्हाई म्हणणारं गाव

वडेगाळीच्या माणसांना हातात कागद धरलेला परका माणूस दिसला, की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. न्हाई. घरात बंदूक हाय? न्हाई. रानातलं लाकूड आणलं? न्हाई. म्हशी किती? म्हैस दारात उभी राहून रवंथ करत असली तरी न्हाईच! आता ह्याला लबाडी म्हणाल तर तुमच्यासारखे अडाणी तुम्हीच. गावाच्या म्होरक्याच्या, नागू गावकाराच्या बापानं एकदा, फक्त एकदाच, कागदवाल्याला खरं सांगितलं होतं. "ह्या उतारावर नाचणी तुम्हीच पेरता का?" "व्हय," म्हातारा छाती काढून म्हणाला. पुढच्या साली उतारावर जंगलखात्याची सागाची रोपं लागली आणि म्हातारा बांधावर बसून नुसता बघत राहिला. तेव्हापासून अणशीच्या अलीकडच्या ह्या एकतीस घरांनी ठरवून टाकलं, व्हय म्हणायचं ते आपल्या माणसांत. कागदापुढं न्हाई.

ह्या गावात सुंदरीला मात्र तोंड होतं. नवरा लवकर गेला, मूल नाही, त्यामुळं सगळ्या गावाची काळजी करायला तिला भरपूर सवड. दर शनिवारी ती कणगरं, अळकुड्या असल्या कंदांची पाटी डोक्यावर घेऊन सात किलोमीटर रान तुडवायची, डांबरी रस्त्याला बस धरायची आणि गणेशगुडी गाठायची. तिथं पाटी रिकामी झाली की दुकानातल्या टेलिफोनवर गावाचे सगळे निरोप बोलायची. कुणाचा भाऊ गोव्यात खाणीवर, कुणाची लेक खानापुरात दिलेली. "तुझी आई बरी हाय, चवथीला ये, रिकाम्या हातानं येऊ नको!" निरोप कितीही असोत, एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. गावात दुसऱ्या कुणी रिसीव्हर हातात धरलेला नव्हता. टेलिफोन म्हणजे सुंदरीअक्का, विषय संपला.

पण अडीअडचण काय शनिवार बघून येते? आषाढात एका मंगळवारी झिलूची बायको तुळजा बाळंतपणात अडली. सुंदरी चिखलातून धावत सुटली. सात किलोमीटर, आणि पुढं गणेशगुडीपर्यंत एका लॉरीवाल्याच्या पाया पडून. जीप मिळाली, पण ती येईतो दिवस कलला होता. तुळजा वाचली, पोर गेलं. "मी जीव खाऊन धावले गं," सुंदरी तिच्या उशाशी बसून म्हणाली, "पण बाईचे पाय ते, तार न्हवं." त्या दिवसापासून तुळजा कुणाशी धड बोलेना, आणि सुंदरीच्या डोक्यात एकच भुंगा. गावात टेलिफोन आला पाहिजे.

आणि त्याच साली, एक्याण्णवच्या मार्गशीर्षात, यशवंत नावाचा पोरगा बेळगावहून आला. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील कागद. कुठल्या खेड्यात टेलिफोन कोण वापरतं, कुणापर्यंत पोचतच नाही, का पोचत नाही, ह्याची पाहणी करत तो तालुकाभर फिरत होता. त्याचा अहवाल वर जायचा, आणि जिथं गरज जास्त तिथं सरकारी टेलिफोन आधी बसायचा. सुंदरी दिवसभर मळणीवर होती. तिचं घर शेवटचं. ओसरीवर टेकून चहा पिताना त्यानं कागद तिच्यापुढं पसरले.

"मावशी, तुमच्या गावाला टेलिफोन नकोच आहे बघा. तीस घरं झाली. टेलिफोन वापरता का? तीस वेळा न्हाई. गरज आहे का? तीस वेळा न्हाई. घरातलं कुणी बाहेरगावी? तेही न्हाई."

"आरं देवा!" सुंदरीनं हातातली किटली तिथंच आपटली. "बाहेरगावी न्हाई? मग मी दर शनिवारी कुणाशी बोलते, भुताशी?"

तिनं यशवंतचा दंड धरला आणि त्याला थेट देवळापुढच्या खळ्यावर नेलं. गावाला हाक गेली. पाच मिनिटांत माणसं जमली, कारण सुंदरीच्या हाकेला उशीर केला तर पुढचा निरोप पोचेल की नाही ह्याची खात्री नसायची.

"झिलू, हिकडं ये. तुझ्या भावाशी शनिवारी कोण बोलतंय?"

"तूच की, अक्का."

"कशावरनं?"

"टेलिफोनवरनं."

"मग ह्या सायबाला सांग तसं."

यशवंतनं पेन्सिल काढली. "टेलिफोनची गरज आहे का?"

झिलूनं पेन्सिलीकडं बघितलं. "न्हाई."

"मेल्या!"

"अक्का, देवाशप्पथ, व्हय म्हणायलाच तोंड उघडलं हुतं!"

सगळं खळं हसलं. नागू गावकार तेवढा हसला नाही. "त्याला बोल लावू नको, सुंदरी," तो म्हणाला. "माझा बा व्हय म्हणाला हुता. कागद एकदा काय घिऊन गेला, की परत आणून देत न्हाई."

सुंदरीला राग आला, आणि म्हातारा खोटं बोलत नव्हता ह्याचा तर जास्तच आला. ती देवळाच्या पायरीवर बसली. यशवंतनं कागद पिशवीत घालायला घेतले. ते कागद गेले की टेलिफोन गेला, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि सरळ बोटानं तूप निघत नाही, एवढं तर तिला कळत होतं.

"थांबा सायेब," ती उठलीच. "ह्यांचं उत्तर बदलायचं न्हाई. तुमचा प्रश्न बदलू. मी इचारते, तुमी लिवा."

ती गावाकडं तोंड करून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"टेलिफोनबिगर तुमचं भागतंय काय?"

"न्हाई!"

"शनिवार उजाडल्याबिगर लेकीबाळींची खबर कळतीय?"

"न्हाई!"

"सुंदरीचे गुडघे जन्मभर पुरणार हाईत?"

"न्हाई!" ह्याला आवाज सगळ्यांत मोठा आला, आणि सुंदरीनं डोळे वटारले. माणसं आता खुशीत आली होती. यशवंतची पेन्सिल पळत होती. मग सुंदरी झिलूकडं वळली, आणि तिचा आवाज उतरला.

"आषाढात गावात टेलिफोन हुता, झिलू?"

"न्हाई."

"असता तर पोर गेलं असतं?"

झिलूनं उपरण्यात तोंड लपवलं. "न्हाई, अक्का."

"पुन्यांदा तसं झालेलं चालंल?"

झिलू अजून उपरण्यानं डोळे पुसत होता. पण मागून, बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, खणखणीत.

"न्हाई!"

तुळजा होती ती. आषाढापासून चार माणसांत तोंड न उघडलेली तुळजा. सुंदरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

यशवंतनं डोकं खाजवलं. "मावशी, छापील प्रश्न बदलायची मला परवानगी नाही. वरचे साहेब जाब विचारतील."

"मग काय सांगशील लेकरा?"

त्यानं जुने आणि नवे कागद एकत्र बांधले. "सांगीन की इथल्या लोकांचं 'न्हाई' तेवढं ऐकलं, आणि ते का म्हणतात हे विचारलंच नाही, असा गाढव मी होतो. जुने कागदही देतो, हेही देतो, आणि सगळी हकिगत लिहून वर जोडतो. मग त्यांना काय ठरवायचं ते ठरवू दे."

"शाणा हाईस," सुंदरी म्हणाली आणि त्याच्या पिशवीत चार कणगरं कोंबली.

दोन पावसाळे गेले. मधे तालुक्याच्या बाजारात लोक सुंदरीला चिडवायचे, "काय अक्का, आला का टेलिफोन?" आणि ती म्हणायची, "येतोय, वाटेत हाय, तुझ्यासारखा आळशी." त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर खरंच माणसं आली. तार नव्हतीच. गावकाराच्या अंगणात उंच लोखंडी खांब उभा राहिला, वर अँटेना, आणि पडवीत लाल टेलिफोन. वडेगाळीला! जोयड्याच्या वाटेवरच्या मोठमोठ्या गावांच्या आधी! सुंदरी त्या दिवशी वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती. पोच घ्यायची वेळ आली तेव्हा टेलिफोन खात्याच्या साहेबानं कागद पुढं केला. "टेलिफोन मिळाला ना, आजोबा?"

नागू गावकारानं टेलिफोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. "न्हाई," तो म्हणाला.

अंगठा शेवटी सुंदरीनं दिला.

माघात तुळजाच्या कळा सुरू झाल्या. बुधवार होता. सुंदरी धावली नाही. पडवीत गेली, रिसीव्हर उचलला, आणि सूर्य माडाच्या वर यायच्या आत गणेशगुडीच्या कान्हूची जीप दारात. तुळजा, तिची आई आणि सुंदरी बसल्या. झिलूही चढायला लागला, तशी सुंदरीनं त्याला खाली उतरवलं. "तू टेलिफोनपाशी बस. मी बोलले तर ऐकायला कोण नको?"

जोयड्याच्या दवाखान्यात दुपारी सगळं पार पडलं. सुंदरी बाहेरच्या टेलिफोनपाशी आली. दहा वर्षं तिनं गावाच्या वतीनं जगाला निरोप सांगितले होते. गावालाच सांगायची ही पहिली वेळ. तिनं नंबर फिरवला. तिकडं घंटा वाजली, खुडबूड झाली, कुणीतरी रिसीव्हर उलटा धरून सुलटा केला.

"न्हाई!" झिलू घाबरून ओरडला.

"आरं, न्हाई काय? आधी ऐक तरी! मुलगी झाली. घसा तुझ्यासारखा. तुळजा उठून पेज प्याली. ऐकतोस न्हवं?"

तिकडून नुसता श्वास, आणि एक हुंदका.

"झिलू? कळलं काय तुला?"

"व्हय," झिलू म्हणाला. मग जोरानं, "व्हय, अक्का! व्हय!"

त्याच्या मागं पडवीत सगळं गाव उभं होतं. तेही ओरडायला लागलं, आणि त्यात नागू गावकाराचा म्हातारा आवाज सुंदरीला वेगळा ओळखू आला. तिनं रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. तिथूनही स्पष्ट ऐकू येत होतं.