जीवराम येतोय, पेशंट लपवा

जीवरामची देवावर फार माया. इतकी, की देवालाच कधीकधी अवघडल्यासारखं होत असावं. एसटीत कंडक्टर होता, धुळे-जळगाव गाडीवर उभ्या उभ्या जन्म काढला, आणि रिटायर होताच चर्चमध्ये पाळकसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, उरलेलं आयुष्य प्रभूच्या सेवेला, सांगा काय करू. साहेब भला माणूस. त्यांनी त्याला गायनमंडळात घातलं, तर महिनाभरात अख्खं गायनमंडळ राजीनामा द्यायला निघालं. मग एकदा संदेश द्यायला, म्हणजे प्रवचनाला, उभं केलं. जलप्रलयाच्या तारवात प्राणी भरता भरता यानं मंडळीच्या जेवणाची वेळ घालवली, आणि पाऊस तर अजून सुरूच व्हायचा होता. "मागे सरका, मागे जागा आहे," असं तो भर संदेशात म्हणाला. ते हत्तीला की मंडळीला, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

शेवटी साहेबांनी त्याला आजाऱ्यांच्या भेटी दिल्या. माणूस आधीच अंथरुणात पडलेला, त्याचं हा अजून काय बिघडवणार. तिथेच साहेब फसले.

आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं शास्त्रात आहे. लोक कपाळाला बोटभर लावतात. पण जीवरामचं बोटभर असं काही नसायचंच. शेंगदाणा तेलाची बाटली घेऊन त्यानं मोतीलालला पार गुडघ्यापर्यंत चोळलं आणि बसस्टँडवर ओरडावं तशी प्रार्थना केली. मोतीलाल दुसऱ्या दिवशी गेला. मग निंबा टेलर गेला, त्याचं तर नुसतं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मग पुनाचा सासरा. त्याचा पाय मोडला होता, बाकी गडी ठणठणीत. डॉक्टर सांगून थकले की वयं झाली होती, तेलाचा काही संबंध नाही. पण ऐकतो कोण?

मग काय, जीवरामची स्कूटर गल्लीत वाजली की त्या घरचा पेशंट नेमका पहूरला पाहुण्यांकडे गेलेला असायचा. एकजण तर सलाईन हातात धरून संडासात जाऊन बसला आणि आतून कडी लावली. जीवरामनं बाहेरूनच प्रार्थना केली. तो माणूस वाचला, आणि तो दारामुळे वाचला असं त्याची बायको अजून सांगत फिरते.

जीवरामला बिचाऱ्याला वाटायचं, आजारी माणसं हल्ली फार प्रवास करतात. खरं काय ते शेवटी त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, भाकरी थापता थापता सांगितलं. अहो, लोक तुम्हाला भितात. तुम्ही आलात की माणूस जातो म्हणतात.

तो जेवलाच नाही. ओट्यावर जाऊन बसला आणि रडला. देवाला म्हणाला, बाबा, मी तुझ्याकडे पैसा मागितला नाही, मान मागितला नाही, काम मागितलं. तेवढंही तुझ्याकडे माझ्याजोगं नाही का? मग बाटली मंजुळाबाईच्या हातात दिली आणि फोडणीला घे म्हणाला. रविवारी साहेबांना सांगून सगळंच सोडायचं, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात सुनंदाबाईंचा निरोप आला. त्यांनीच बोलावलंय म्हटल्यावर तो चमकला. सुनंदाबाई मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स, रविवारच्या शाळेत त्याच्या बाई. नाताळच्या नाटकात त्याला कोणी घेत नव्हतं, तेव्हा बाईंनी त्याला उंटाचे मागचे पाय केलं होतं. आयुष्यात देवाचं एवढं एकच काम त्यानं नीट केलं होतं. आता बाई पार खाटेला खिळल्या होत्या. मंडळी दर बुधवारी त्यांना उठवायची प्रार्थना करत होती. जीवराम मात्र पोचलेला नव्हता, सुनेनं दारातूनच दोनदा परतवला होता.

या वेळी बाईंनी सुनेला चहाच्या नावाखाली आत पिटाळलं आणि त्याला जवळ बसवून घेतलं.

"जीवराम, माले आते जानं शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठा लोके माले आठेच धरी ठेवतस. तू प्रार्थना कर. तुनी लागू पडस."

सगळे बाईंना इथे धरून ठेवत होते, आणि जीवरामची प्रार्थना लागू पडते म्हणून बाईंना न्यायला देवाला त्यानं सांगायचं. देवानं शेवटी त्याला काम दिलं, ते हे. बाईंचा चेहरा बघितला तर त्या खरंच थकल्या होत्या, मस्करी नव्हती. नाही कसं म्हणायचं? तो कण्हत गुडघ्यांवर बसला, हात जोडले, तोंड उघडलं. आयुष्यभर ज्याचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत गेला, त्याच्या घशातून शब्द निघेना. बाईंना घेऊन जा, एवढंच म्हणायचं होतं. ते त्याला म्हणवेना.

"देवा, मला काही जमत नाही," तो कसाबसा पुटपुटला. "पण बाई मला पाहिजेत."

मग बाईंच्या गोधडीत तोंड खुपसून तो हमसून हमसून रडला. तेल आणलंच नव्हतं. सून चहा घेऊन आली तेव्हा बाई त्याच्या टकलावर थोपटत होत्या.

पुढचे दिवस त्यानं फोनकडे बघत काढले. फोन आला तो बाईंनी भरीत-भाकरी मागितल्याचा. मग त्या उठून बसल्या. मग काठी धरून अंगणात आल्या आणि सुनेच्या वाळवणात खोट काढू लागल्या. कापणीच्या सणाला रिक्षा करून थेट उपासनेला हजर झाल्या. पाळकसाहेबांनी मंडळीच्या बुधवारच्या प्रार्थनेला सगळं श्रेय दिलं आणि देवानं कसं बरं केलं याची साक्ष द्यायला बाईंना माईकपाशी नेलं. वेदीपुढे केळीचे घड, वांग्यांच्या टोपल्या आणि मधे बाई. जीवराम मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता.

बाईंनी त्याला बरोबर हुडकून काढला. काठी त्याच्यावर रोखली.

"तुले एकच काम सांगेल व्हतं," त्या माईकवरून म्हणाल्या. "ते बी जमनं नई तुले."

मंडळीला काही कळलं नाही, तरी मंडळी हसली. जीवराम कानापर्यंत लाल झाला, आणि का कोण जाणे, त्यालाही हसू फुटलं. उपासना सुटल्यावर बाई काठी टेकत त्याच्यापाशी आल्या, त्याचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणला.

"सकाय परत ये," म्हणाल्या. "नुसता बसाले ये."

तो उद्या येतो म्हणाला, आणि बाईंना रिक्षापर्यंत पोचवायला गेला. एवढ्या घरी तो प्रार्थनेला गेला, पण परत ये म्हणून त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.