एकशे चौसष्ट पायऱ्या आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बसण्याआधी मला जरा एका बोटावर उचलून पाहा. उचलली गेले ना? आम्ही कियावारी गावच्या खुर्च्या अशाच असतो. माझे चेरीच्या लाकडाचे पाय एका कारागिराने तासून तासून बारीक केले. एकही खिळा वापरला नाही. त्याच्या बायकोने वाळुंजाच्या झाडाच्या लवचीक पट्ट्या ओल्या करून माझी बैठक विणली, तेव्हा ती कामभर गुणगुणत होती.

मला पिएरिनाने घेतले. तिची धाकटी बहीण झेलिंदा लग्न करून समुद्रकाठच्या कामोलीहून दूरच्या तोरिनो शहरात निघाली होती. तिकडे समुद्र नाही, निदान बसायला तरी आपल्या किनाऱ्यावरचे काहीतरी असावे, असे पिएरिनाचे म्हणणे. झेलिंदाने मला आगगाडीत मांडीवर घेऊन नेले.

पुढची कितीतरी वर्षे मी स्वयंपाकघरात मानाने राहिले. झेलिंदाने माझ्यावर बसून शेंगा सोलल्या, मुलीला, मिरेल्लाला, पाजले. पाहुणे मला उचलून बघत आणि थक्क होत. मग बैठक सैल पडली, एक पाय डुगडुगू लागला. मिरेल्लाचा नवरा फुल्वियो याने मला बाल्कनीत ठेवले आणि माझ्यावर तुळशीसारख्या वासाच्या बाझिलिकोची कुंडी आली. तिचे पाणी ठिबकून माझ्या पट्ट्या काळ्या पडल्या. खुर्ची काय बोलणार?

एका संध्याकाळी बाल्कनीच्या दारातून मला घरातले सगळे दिसत होते. फुल्वियो एका पाकिटाच्या मागच्या बाजूला कामोलीच्या सहलीचा बेत लिहीत होता. शुक्रवारी संध्याकाळची गाडी, बंदरावरचे हॉटेल, शनिवारी होडी, रविवारी तळलेले मासे खाऊन परत. मिरेल्ला म्हणाली की पिएरिनामावशीला फोन करू, ती वरून खिडकीतून हात करील.

झेलिंदाचे खुब्याचे हाड मोडल्याला नऊ वर्षे झाली होती. तिकडे पिएरिनाचे गुडघे गेले होते. एकीला चढता येईना, एकीला उतरता येईना. पिएरिनाचे घर स्टेशनाच्या वर, डोंगराच्या अंगाला. तिथे मोटार जात नाही, नुसत्या पायऱ्या. नऊ वर्षे दोघी बहिणी फक्त फोनवर भेटत होत्या.

"या कागदावर माझ्या बहिणीचं घर कुठे आहे?" झेलिंदाने विचारले.

"आई, एकशे चौसष्ट पायऱ्या आहेत," फुल्वियो म्हणाला. "डॉक्टरांनी तुम्हाला एका वेळी दहा सांगितल्यात."

"मग दहा चढेन आणि बसेन. परत दहा चढेन आणि बसेन."

उचलून नेणारी माणसे मिळतात, असे मिरेल्लाने सुचवून पाहिले. आपण काही कपाट नाही, असे म्हणून झेलिंदाने तो विषय मिटवला. फुल्वियोने दुसऱ्या दिवशी घडीचे स्टूल आणले. ते इतके बुटके होते की त्यावरून तिला उठता येईना. मग ती काठी टेकत बाल्कनीत आली आणि तिने माझ्यावरची कुंडी स्वतः खाली ठेवली.

फुल्वियो कुरकुर करीतच मला बाजाराच्या गल्लीतल्या विणणाऱ्याकडे घेऊन गेला. चार दिवसांनी मी नवी बैठक आणि घट्ट पाय घेऊन परतले. येताना त्याने मला एका बोटावर उचलून पाहिले. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

मग तीन आठवडे इमारतीच्या जिन्यावर सराव चालला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज टोमणा मारत, "झेलिंदाबाई, लिफ्ट चालू आहे हो!"

"कामोलीत नाही ना," ती सांगे आणि पुढची पायरी चढे.

मग कामोलीतला तो शनिवार उजाडला. जुन्या दगडी पायऱ्या रुंद होत्या, माझे चारही पाय नीट टेकत होते. दहा पायऱ्या झाल्या की फुल्वियो मला पायरीवर ठेवी आणि माझी पाठ घट्ट धरून उभा राही. झेलिंदा बसे, श्वास घेई, उठे. नवव्या बैठकीला मात्र तिचा चेहरा पांढरा पडला. एका खिडकीतून कोणीतरी पाणी दिले. फुल्वियो माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि हळूच म्हणाला की इथवर आलो तेही पुष्कळ झाले, परत फिरू या.

इतक्यात वरून पिएरिनाचा खणखणीत आवाज आला.

"झेली, तिथेच मुक्काम करणार असशील तर मी जेवून घेते!"

झेलिंदा हसली. हसता हसताच तिने काठी उचलली. सोळा वेळा ती माझ्यावर बसली. उरलेल्या चार पायऱ्या ती थेट दारापर्यंत चढली. दारात पिएरिना भिंतीला धरून उभी होती. दोघींनी एकमेकींना घट्ट धरले. फुल्वियो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

जेवण झाल्यावर पिएरिनाने मला नीट निरखले. माझ्या पाठीवर हात फिरवला.

"तू चढलीस," ती बहिणीला म्हणाली. "मग मला उतरायला काय झालं?"

रविवारी सकाळी सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या होत्या. पिएरिना दहा पायऱ्या उतरे, माझ्यावर बसे, मग झेलिंदा बसे. मी एक आणि म्हाताऱ्या दोन, त्यामुळे थोडे भांडणही झाले. फुल्वियोचा शर्ट घामाने भिजला होता, पण मला दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. बंदरावर पोहोचलो तेव्हा कोळ्यांनी जाळी बाजूला सारून वाट करून दिली. नऊ वर्षांनी पिएरिनाने वाकून समुद्राचे पाणी हातात घेतले आणि आधी बहिणीच्या तोंडावर उडवले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी डुगडुगणारी खुर्ची असेल. तिचा पाय घट्ट करा, बैठक विणून घ्या. आणि सहलीचा बेत कराल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जमणार नाही, असे तुम्हीच ठरवून टाकू नका. आधी त्यांना विचारा. मग त्यांच्या पायांना जेवढे झेपते, तेवढेच अंतर ठेवून त्यांना बसायला जागा करून द्या. बाकीचे ती करतात. मी स्वतः पाहिले आहे.