शनिवारचा चुना

“आता हे कुणालाच खरं वाटायचं न्हाई,” चंद्रभान म्हाताऱ्यानं सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, “पण मागच्या हप्त्यात हीच गाडी मीरखेलपासून पिंगळीपर्यंत माझ्या एका तांब्यावर चालली. इंजनातलं पाणी सरलं, डायवर रडकुंडीला आला. मी म्हणलं, घे बाबा, पी. तर त्यानं स्वतः घोट न घेता इंजनाला पाजलं!”

डबा हसला. त्र्याहत्तरचा एप्रिल, विहिरींच्या तळाला नुसते दगड. पाण्याची थापसुद्धा लोकांना गोड लागत होती.

हसली नाही ती एक मनकर्णा. चुडाव्याला गाडीत चढल्यापासून ती खिडकीच्या गजाला धरून बसली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून तळहात फुटलेले, त्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या. आठ वर्षांच्या एस्तेरला घटसर्प झाला, म्हणून नवरा पोरीला घेऊन परवाच परभणीच्या दवाखान्यात गेला. दोघंही गेलो तर हजेरीतून दोघांची नावं कटतील, म्हणून ती मागं राहिली. आज सकाळी परभणीहून आलेल्या एकानं निरोप दिला : ‘लगेच निघ.’ एवढाच. पोर जिती हाय का, हे विचारायला तिची जीभ उचलली नाही. माणूस वळून गेला, तशी ती स्टेशनाकडं निघाली.

म्हाताऱ्याच्या पायाशी डालड्याचा डबा होता. तोंडाला फडकं, काठावरून पांढरे ओघळ आणि वर खोचलेला, केकताडाच्या वाखाचा रंगवायचा कुंचा.

“चुना घेऊन कुठं निघालाव, बाबा?” पटकेवाल्या किशनरावानं चिडवलं. “दिवाळीला लय टाइम हाय आजून.”

“चंद्राला लावायचाय. डाग लय दिसायलेत.”

पुन्हा हशा. मनकर्णाची नजर मात्र त्या डब्यावर खिळली. आज शनिवार. उद्या ईस्टर. पहाटे माणसं मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जमणार, त्याआधी आपापल्यांच्या कबरी पांढऱ्या करायच्या असतात. साऱ्या डब्याला जे कळलं नाही, ते तिला कळलं.

“सलाम, बाबा,” चर्चमध्ये भेटल्यावर म्हणतात तसं ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्याच्या तोंडातली पुढची थाप तिथंच विरली. “सलाम, माय,” तो म्हणाला आणि गठुडं आणि चुन्याचा डबा उचलून तिच्या शेजारी येऊन बसला. भाकरी काढली, अर्धी तिच्या ओंजळीत ठेवली. दोघांनी डोळे मिटले, ओठ हलवले.

“कुणाची कबर?” तिनं विचारलं.

“सासूची. जितेपणी काळी म्हणलं की अंगावर यायची. म्हणून दरसाल गोरी करतो.”

मनकर्णाला हसू येता येता रडू आलं. मग तिनं सगळं सांगितलं. हजेरीचंही सांगितलं, तेव्हा मान वर केली नाही. “परवापासून मला प्रार्थना येईना बाबा. ‘बापा’ म्हणते, अन् फुडचं सुचतच न्हाई.”

“तू ‘बापा’ म्हण. फुडचं मी म्हणतो.”

त्यानं म्हटलं. साधं, चार वाक्यांचं, एकही फुशारकी नसलेलं. पिंगळी मागं पडली तेव्हा तिनं तोंड पुसलं.

“घटसर्पातून वाचती का हो लेकरं?”

म्हातारा चुन्याच्या डब्याचं फडकं पुन्हा नीट बांधत राहिला. मग एकदम सरसावला.

“वाचती का म्हणजे? माझी मार्था! बारा वर्सं झाली. हाच दवाखाना, हाच घटसर्प. डाक्टरनं हात टेकले. मी खाटंपाशी गुडघे टेकले. तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली अन् म्हणती कशी, बाबा, भूक लागली! अकरा भाकरी खाल्ल्या. दवाखान्यातलं पीठ सरलं, कणगी झाडून बारावी थापली!”

मनकर्णा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. छातीवरचा दगड कुणीतरी बोटभर सरकवला होता. “अन् आता? कशी हाय?”

“आता? आता लय द्वाड झाली. सारखी चिंचेवर. येणी घालू देत न्हाई, मी मागं पळतो कंगवा घेऊन. फुडचे दोन दात पडलेत, बोलाया लागली की शब्द फुर्रकन उडून जातेत. परवा मला म्हणती...” तो सांगत सुटला. आवाज हळू झाला होता, डब्यासाठी उरला नव्हता. हात हवेत एका लहानशा डोक्यावरून फिरत होता.

परभणीचा सिग्नल दिसला. गाडी मंदावली. मनकर्णाच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच पुसलं गेलं होतं. चिंध्या बांधलेल्या हातानं तिनं तो हवेतला हात धरला.

“बारा वर्सं झाली म्हणलाव बाबा, अन् आजून दुधाचेच दात पडायलेत? खोटं बोलायलाव तुमी. उठली न्हाई ती.”