पाणी खराब असण्याबाबत

बरडवाडीचं पाणी जिल्ह्यात सगळ्यात शुद्ध ठरलं. समाजमंदिरापुढे तसा मोठा फलक उभा आहे. त्यावर नळाखाली ओंजळ धरून हसणाऱ्या मुलीचं चित्र आहे. ती मुलगी बरडवाडीची नाही. नळही बरडवाडीचा नाही, कारण बरडवाडीत नळ नाही.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. मी ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेत पर्यावरण व्यवस्थापनाची इंटर्न होते, तिथे कामाची सुरुवात अशीच करतात. आधीचं सगळं झालंच नाही असं धरायचं आणि मोजायला लागायचं. याला बेसलाइन म्हणतात.

तर बेसलाइन अशी. संस्थेचं मुख्यालय जिनिव्हाला आणि परभणीचं ऑफिस वसमत रोडला, ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वर. खाली गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर सुरू करून दाखवला की वर हवामान बदलाची मीटिंग थांबायची. माझं नाव सुकेशनी, शिक्षण एम.एस्सी., काम कॉम्प्युटरवर गावं रंगवणं. पाणी वाईट असेल तर गाव लाल, बरं असेल तर पिवळं, चांगलं असेल तर हिरवं. माझे साहेब महारुद्र सर, प्रकल्प अधिकारी. स्वभावाने शांत. कधी कोणावर रागावले नाहीत. रागावण्यासाठी आधी समोरच्याचं ऐकावं लागतं.

संस्थेकडे त्या वर्षी पाणी शुद्ध करायचं एक यंत्र होतं. एकच. ते लाल ठरलेल्या गावाला मिळणार होतं. मी बरडवाडीचं नाव सुचवलं. राणीसावरगावच्या पुढे जीप जिथे आता बास म्हणते तिथून आत चालत गेलं की बरडवाडी. माझं आजोळ. तिथल्या बोअरला फ्लोराइड आहे आणि त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही, गावात कोणालाही आ करायला सांगितलं तरी पुरे. लेकरांचे दुधाचे दात पांढरेशुभ्र येतात. ते पडून पक्के येतात ते चहात बुडवून काढल्यासारखे. पुढे गुडघे वाकायचं बंद होतं. माझे सिद्धोधनमामा खाली बसायचं ठरवतात तेव्हा घरात आधी चर्चा होते.

पण माझी घाई मामांसाठी नव्हती. त्यांचे गुडघे आता कोणत्याही यंत्राला बधणार नव्हते. माझी घाई अर्पितासाठी होती. मामांची नात, नुकतीच पळायला लागलेली. पक्के दात याच वयात हिरडीच्या आत तयार होत असतात. बाहेर काही दिसत नाही, आत काम चालू असतं. तिची आई रेणुकावहिनी. वहिनींचं माहेर शेजारचंच गाव आणि पाणी असलंच. त्या हसतात तेव्हा हात तोंडावर जातो. लग्नाच्या फोटोतही गेलेला आहे. यंत्राचं कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ताई, माजं झालं ते झालं. हिला तरी मोकळं हसता यावं बगा."

नमुने घ्यायच्या दिवशी जिनिव्हाहून सल्लागार मॅडम आल्या. संस्थेचा नियम असा की पाण्याचा नमुना संस्थेच्या माणसाने भरायचा नाही, गावाने भरायचा. याला लोकसहभाग म्हणतात. बाटल्या निर्जंतुक, निळ्या झाकणाच्या. त्या बचत गटाच्या अध्यक्षांच्या हातात दिल्या. अध्यक्षा म्हणजे माझी सुमनमामी. बाया बाटल्या घेऊन गेल्या आणि आम्ही समाजमंदिरात रांगोळीने गावाचा नकाशा काढायला बसलो, कारण तसाही नियम आहे. मॅडमनी स्वतःच्या हाताने निळ्या रांगोळीची नदी काढली. बरडवाडीला नदी नाही. पण एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीने एवढं वाकून काढलेली नदी पुसणार कोण? उलट मामीच्या गटातल्या एका बाईने तिच्यात दोन मासे काढून दिले.

बाटल्या भरून आल्या, सील झाल्या, बर्फाच्या डब्यात बसून गेल्या.

निकाल आला त्या दिवशी महारुद्र सरांनी पेढे आणले.

"अभिनंदन, सुकेशनी! तुझं गाव हिरवं निघालं."

"सर, ते लाल निघायला पाहिजे होतं."

"असं निगेटिव्ह नाही बोलायचं."

मी आकडे पाहिले. फ्लोराइड नाही, क्षार नाहीत, काहीच नाही. इतकं स्वच्छ पाणी फक्त आभाळातून पडतं आणि तेही खाली येईपर्यंत थोडं मळतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही ते हे पाणी नव्हे. मी पेढा तोंडात टाकला आणि राणीसावरगावची बस पकडली.

मामी अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"मामी, त्या बाटल्या कुठून भरल्या?"

"कामून? फुटली का एखांदी?"

"बोअरवरूनच भरल्या ना?"

मामीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही अभद्र बोलले. "बोअरचं? असल्या चांगल्या बाटल्यात? त्या मडमेसाठी राणीसावरगावहून जार मागिवले व्हते, त्यातलं भरलं. लय ग्वाड व्हतं, गार."

बरडवाडीत फिल्टरच्या पाण्याचे जार येतात ते लग्नाला आणि मयतानंतरच्या जलदान विधीला. घरच्यांना बोअर आणि पाहुण्यांना जार, हा तिथला रिवाज आहे. कोणी ठरवलेला नाही. पाहुण्याला बोअरचं पाणी देणाऱ्या घरात सोयरीक जमत नाही, एवढंच.

"मामी, ते पाणी तपासायला होतं. ते खराब निघायला पाहिजे होतं."

"हे बग, बाई. इमानात बसून ती बाई आली. तू तिच्या शेजारी खुर्चीवर. अन् म्या तिच्या हातात आपलं खारं पाणी देऊ? तुजी इज्जत घालवू? आपल्यातली पयली पोरगी हायेस तू खुर्चीवर बसलेली."

आतून मामांचा आवाज आला. "म्या म्हनलं व्हतं हिला, एका बाटलीत तरी आपलं भर म्हून."

"तुमी बसा गप."

"बसतो की. कोणाला तरी बोलीव धरायला."

मी मामीला सगळं समजावून सांगितलं. यंत्र कसं मिळतं, हिरव्या गावाला का मिळत नाही, अर्पिताच्या हिरड्यांत सध्या काय चालू आहे. मामीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "म्या केलं, म्याच सांगन. कोणाला सांगायचं ते दाव."

मामीवर रागावणं शक्य नव्हतं. राग मात्र होता आणि तो मी बसमध्ये मांडीवर घेऊन परभणीपर्यंत आणला.

"सर, नमुना चुकलाय. परत घ्यावा लागेल."

"घेता येतो ना," सर म्हणाले. "लाल गावात. हिरव्या गावासाठी दुसऱ्या नमुन्याची तरतूद नाही."

"मग तक्रार करते."

"तक्रार बाधित लोकांनी करायची असते. बरडवाडी बाधित नाही."

"कशावरून?"

"नमुन्यावरून."

खाली कोणीतरी ट्रॅक्टर सुरू केला आणि आमचं बोलणं थांबलं. तो ट्रॅक्टर जिन्याने वर आणता येईल का, याचा मी खरोखर विचार केला. जिना अरुंद होता.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. सर म्हणाले, हे ग्राह्य नाही, यात लोकसहभाग नाही, हे तू एकटीने भरलंस. मग त्यांनी ते कुलरमध्ये ओतलं. पाणी वाया घालवायचं नाही, हे संस्थेचं धोरण आहे.

यंत्र पाथरीकडच्या एका गावाला गेलं. त्या गावालाही त्याची गरज होती, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं पुढच्या ईमेलबद्दल आहे. जिनिव्हाने विचारलं होतं की आजूबाजूची सगळी गावं लाल असताना बरडवाडीने आपलं पाणी इतकं शुद्ध कसं ठेवलं? यामागे काही पारंपरिक ज्ञान आहे का? असल्यास ते इतर देशांना कळवता येईल. ते शोधून काढायचं काम इंटर्नला देण्यात आलं. इंटर्न मी होते.

मी एका ओळीत उत्तर पाठवलं: बरडवाडीचे पारंपरिक ज्ञान राणीसावरगावहून टेम्पोने येते. सरांनी ते खोडून तिथे 'स्थानिक पुरवठा साखळी' असं लिहिलं. जिनिव्हाला ते फार आवडलं. इतकं आवडलं की फलकाचं अनावरण करायला सल्लागार मॅडम पुन्हा आल्या.

समाजमंदिरापुढे मांडव पडला. पाहुण्यांसाठी जार आले. ते येऊ नयेत म्हणून मी टेम्पोवाल्याला फोन करून कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं होतं. तो म्हणाला, रद्द झाला तरी लोक येतीलच की, पाणी लागंल. मामीला दोन शब्द बोलायला बोलावलं. मराठीचं इंग्रजी करायला महारुद्र सर शेजारी उभे राहिले. मामीने माइक दोन्ही हातांनी धरला, गुडघे न वाकणाऱ्या माणसाचा हात धरावा तसा.

"जयभीम. त्या बाटल्यात म्या जारचं पाणी भरलं व्हतं. गलती माजी हाय, गावाची न्हाई. आमचं पाणी खराब हाय. आमच्या पोराला ते पाजू नये असं वाटतंय, पण दुसरं न्हाई. तुमाला इस्वास न्हाई तर हे बगा." ती वळली. "रेणुका, इकडं ये."

वहिनी उठल्या. अर्पिता कडेवर होती. त्या व्यासपीठावर गेल्या, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि तोंडावरचा हात खाली घेतला. ओठ मागे ओढून त्यांनी दात दाखवले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, मी ते दात कधी पूर्ण पाहिले नव्हते.

महारुद्र सर मॅडमकडे झुकले आणि माइकवर इंग्रजीत म्हणाले की, ही ताई सांगते आहे, पूर्वी आमच्या बायकांना हसायला लाज वाटायची, आता त्या मोकळेपणाने हसतात.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोग्राफर पुढे पळाला. पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि पाहुणे उभे राहिले म्हणून गावानेही वाजवल्या.

त्या टाळ्यांच्या आवाजात मी खुर्चीवर चढून ओरडले. इंग्रजीत, मग मराठीत, मग कुठल्याच भाषेत नाही. ती असं म्हणालेली नाही, ती असं म्हणालेलीच नाही. मॅडम खाली उतरून आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. म्हणाल्या, तरुणांमध्ये एवढी तळमळ पाहिली की बरं वाटतं. त्यांच्या पाठीवर माझे हात होते आणि त्या हातांनी काय करायचं ते मला कळत नव्हतं. मग चहा झाला. जारच्या पाण्याचा.

खुर्च्या गोळा करताना मामी माझ्याजवळ आली. चेहरा हलका झाला होता तिचा.

"सांगितलं बाई म्या समदं. काय बी लपिवलं न्हाई. केवढ्या टाळ्या वाजिवल्या त्यायनी. मग, कवा येतंय यंत्र?"

वहिनी तिच्या मागे उभ्या होत्या. हात अजून तोंडावर गेला नव्हता. मी म्हणाले, बघते.

वहिनींचा तो फोटो संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. दात थोडे पांढरे करून घेतले आहेत. माझी इंटर्नशिप संपली, प्रमाणपत्र मिळालं. संवादकौशल्य या रकान्यात 'सुधारणेस वाव' असा शेरा आहे. मी बघते म्हणाले होते म्हणून सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी बरडवाडी शोधली आणि म्हणाले, हे गाव फ्लोराइडग्रस्त यादीतून वगळलंय, आंतरराष्ट्रीय अहवाल आहे ना. सरकारचं यंत्रही आता मिळणार नाही. मी विचारलं, परत यादीत यायला काय करावं लागेल? ते म्हणाले, अर्ज द्या. कशाचा अर्ज, असं विचारल्यावर म्हणाले, ते तुम्ही ठरवा, आमच्याकडे अशी केस आलेली नाही.

मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला. त्यांनी आवक शिक्का मारून घेतला आहे. तो असा:

महोदय, मौजे बरडवाडी येथील बोअरचे पाणी अनेक वर्षांपासून खराब असून, ते विनापरवाना खराब असल्याचे अलीकडेच निदर्शनास आले आहे. त्याबद्दल गाव दिलगीर आहे. तरी सदर पाण्यास रीतसर खराब असण्याची परवानगी देण्यात यावी आणि परवानगीचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडून मंजूर होऊन येईपर्यंत कुमारी अर्पिता हिच्या पक्क्या दातांनी आहे त्या स्थितीत हिरडीच्या आत थांबून राहावे, असे आदेश त्यांना आपल्या स्तरावरून व्हावेत, ही नम्र विनंती.