मोदकपात्रातले मांडू

जाळीला भोके एक्केचाळीस, कड्या दोन, झाकणाला पोचा एक. मित्रांनो, एवढ्यावरून मला ओळखणे कठीण आहे, म्हणून नाव सांगते. मी गोव्यातल्या आमोणे गावच्या विनिताच्या घरातले जुने, तांब्याचे मोदकपात्र.

डिचोलीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि आतून कल्हई केली. विनिताच्या लग्नात मी या घरी आले. तेव्हापासून माझ्यात फक्त नैवेद्य शिजला, नागपंचमीच्या पातोळ्या आणि चतुर्थीचे मोदक. मासळीची भांडी वेगळी, त्यांची फळीही वेगळी. एरवी मी फडक्यात गुंडाळलेले असे. सण आला की मला कौतुकाने खाली काढत.

यंदा श्रावणाआधीच्या रविवारी विनिता साखळीच्या बाजाराला गेली होती. तिची मुलगी गौरवी कॉलेजात शिकते. तिने मोबाईलवर मांडू हा कोरियातला पदार्थ पाहिला होता. तिने सुंगटे, म्हणजे कोळंबी, सोलून बारीक चिरली, मीठ लावलेला कोबी घट्ट पिळला, आले आणि पातीचा कांदा घातला. मैद्याच्या पातळ पाऱ्या लाटून त्यांत सारण भरले, नेवरीसारखे, म्हणजे करंजीसारखे, दुमडले आणि दोन्ही टोके वळवून एकमेकांना चिकटवली. इडलीच्या साच्यात ते मावेनात. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

चूक तिची होती, पण वाफ माझी होती. बारा मिनिटांत पाऱ्या काचेसारख्या झाल्या आणि आतली सुंगटे गुलाबी दिसू लागली. मांडू इतके सुरेख उकडले, याची मला अजून लाज वाटते.

"ही तर कोरियाची नेवरी गो," असे म्हणत विनिताने संध्याकाळी पाच खाल्ले. कशात उकडलेस असे तिने विचारले, तेव्हा गौरवीने इडलीच्या भांड्याकडे बोट दाखवले. मला तोवर आमसुलाने तीनदा घासून पुन्हा गुंडाळून ठेवले होते.

पंचमीला विनिताने माझ्यात पातोळ्या उकडल्या. हळदीच्या पानांचा वास घरभर गेला. गौरवीने एकही खाल्ली नाही, पोट बिघडले म्हणाली. माझ्या अंगावर तो वास चढत होता आणि मला तो नकोसा झाला होता.

चतुर्थीच्या सकाळी विनिता मला घासायला बसली. गौरवी शेजारी येऊन उकिडवी बसली.

"आई, ह्यात नको करूस मोदक. मांडू मी ह्यातच केले होते."

विनिताचा हात थांबला. "ते पंचमीच्या आधी."

"हय."

"आणि मी पातोळ्या देवासमोर ठेवत होते, तेव्हा तू बघत राहिलीस."

गौरवी रडू लागली. विनिता ओरडली नाही. विचारले असतेस तर तुला दुसरे पात्र आणून दिले असते, एवढेच म्हणाली. मग मला पुसून तिने मासळीच्या फळीवर ठेवले.

मित्रांनो, घरातल्या एखाद्या भांड्याचा नेम तुमच्या हातून मोडला, तर त्याच दिवशी सांगा. आमसुलाने तांबे उजळते, त्याहून जास्त काही होत नाही.

त्या दिवशी विनिताने पातेल्याच्या तोंडाला पातळ फडके बांधून त्यावर मोदक उकडले. वाफेने फडक्याला मधोमध झोळ आला आणि मोदक एकमेकांवर घसरले. ठेवले एकवीस. अखंड निघाले चौदा.